टोफूवाल्याशी दोन कुस्त्या

"पोट आत घे," ओतोसान म्हणाले आणि त्यांनी पट्टा असा काही आवळला की सकाळचा भात माझ्या घशाशी आला.

मी ओसरीवर दोन्ही हात वर करून उभा होतो. अंगावर तालमीतला लंगोट, आणि त्याच्यावर ओतोसान सतरंजीसारख्या जाड कापडाचे वेढे घालत होते. हा सुमोचा पट्टा. लंगोटात उभं राहायची मला कसली लाज, बालपण सगळं तालमीत गेलेलं. पण समोर ओकासान शेंगा सोलत बसल्या होत्या आणि दर वेढ्याला "अजून घट्ट" म्हणून नवऱ्याला चिथावत होत्या.

ओतोसान म्हणजे बाबा आणि ओकासान म्हणजे आई. ही माझी जपानातली माणसं, मोरिवाकी घरातली. मी कागल तालुक्यातला, नाव धैर्यशील. अकरावी झाल्यावर विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीच्या एका योजनेत वर्षभरासाठी तिकडे गेलो. बरोबरच्या पोरांना मोठमोठी शहरं मिळाली आणि माझ्या वाट्याला आलं बेट. एक शाळा, एक धक्का, मोजकी दुकानं आणि जिकडेतिकडे दोरीवर वाळत घातलेली मासळी. पहिला आठवडा मी रडून काढला, खोटं कशाला सांगू. मग ओकासाननी मला जेवताना बघितलं आणि आमचं जमलं. त्यांचा मुलगा ओसाकाला नोकरीला गेल्यापासून भाताचं भांडं असं तळापर्यंत कुणी खरवडलं नव्हतं म्हणे. धैर्यशील काही कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून मी दाइ झालो, आणि लाडात आलं की दाइ-कुन.

त्या साली गावच्या देवळाला नवं छप्पर घातलं होतं. असं काही मोठं मंगल काम झालं की त्या बेटावर सुमोचा फड भरतो. एरवी नाही. मधे वर्षानुवर्षं जातात. एका बाजूला वरची आळी, दुसऱ्या बाजूला खालची आळी, आणि जुन्या घरांनी आपापला गडी उतरवायचा. मोरिवाकींचा मुलगा गुडघ्याच्या दुखण्यानं बाद. म्हातारपणाकडे झुकलेले ओतोसान स्वतःच उतरायच्या गोष्टी करत होते. तेवढ्यात मी जेवताना फुशारकीनं बोलून गेलो की आमच्याकडे मी कुस्ती खेळतो, कागलच्या मैदानात निकाली कुस्ती मारलेली आहे. दुसऱ्या दिवशी धक्क्यावरच्या म्हाताऱ्यांनी माझे दंड चाचपून बघितले आणि आमचं ठरलं.

"झालं," ओतोसान गाठ मारत म्हणाले. "आणि हे बघ दाइ, पहिली जिंकलास तर दुसरी हरायची. विसरू नकोस."

मला वाटलं माझं जपानी कच्चं. मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, जसं कुणी जाताना दार लोटून घ्यायला सांगावं.

"हरायची म्हणजे?"

"म्हणजे पडायचं. इथे एका जोडीच्या दोन कुस्त्या होतात. पहिली खरी. जो जिंकेल तो दुसरी सोडतो. हिशेब बरोबरीत, आणि ती दोघं जन्मभराची भावंडं."

"आणि नाही सोडली तर?"

ओतोसाननी बायकोकडे बघितलं. ओकासान म्हणाल्या, "गाव एवढंसं आहे रे. सकाळी हरलेला माणूस संध्याकाळी त्याच दुकानात टोफू घ्यायला येतो. त्याला तोंड चुकवून जायला दुसरा रस्ता तरी कुठे आहे?"

बोलणं पटण्यासारखं होतं. पण आमच्या तालमीत पहिल्या दिवशी हौद्यातल्या, म्हणजे आखाड्यातल्या मातीला हात लावून एकच शपथ घ्यायला लावतात: जाणूनबुजून पाठ टेकणार नाही. कुस्ती मारलीस तर बरं, मार खाल्लास तरी बरं, पण ठरवून पडलास तर तालमीचा उंबरा तुला बंद. ठरवून केलेल्या कुस्तीला आमच्याकडे नुरा म्हणतात आणि आमचे वस्ताद, ईश्वरा वस्ताद, तो शब्द उच्चारला की बाजूला थुंकायचे.

रविवारी मी त्यांना फोन लावला. तालमीत फोन नव्हता. गावच्या दूध डेअरीत होता, आणि सकाळच्या धारेला वस्ताद तिथे हमखास असायचे.

"कोण? धैर्या? काय रं, जेवतोस का न्हाई?"

मी सगळं सांगितलं. पलीकडे दुधाच्या कॅनचा खडखडाट चालला होता.

"म्हंजे नुरा," वस्ताद म्हणाले.

"नुरा नाही वस्ताद. इथे सगळ्या गावाला माहीत असतं."

"मग तर लईच वाईट. आपल्यात निदान लोकास्नी कळू तरी देत न्हाईत."

"रीत आहे त्यांची."

"असंल. त्यांची रीत त्यांनी पाळावी. तू मातीला हात लावून काय बोलला हुतास? का माती बदलली म्हंजे बोलणं बी बदलतं? बघ बाबा. मोठा झालायस." आणि त्यांनी फोन डेअरीच्या सेक्रेटरीच्या हातात दिला. वस्ताद शिव्या देतात तेव्हा काही वाटत नाही. मोठा झालायस म्हणाले की समजावं, आता आपली धडगत नाही.

मी ओतोसानना जाऊन सांगितलं, मला हे जमणार नाही. ते जाळं दुरुस्त करत होते. त्यांनी एक गाठ मारून दोरा दातांनी तोडला.

"दुसरा गडी नाही," ते म्हणाले. "तू खेळ. पहिली होऊ दे, मग बघू."

म्हणजे झालं होतं असं की पहिली जिंकून दुसरीही जिंकलो तर मोरिवाकींचं नाक कापलं जाणार, आणि पहिली जिंकून दुसरी सोडली तर वस्तादांना तोंड दाखवायची सोय नाही. इकडे आड, तिकडे विहीर. पहिली मी हरेन हे मात्र माझ्या डोक्यातही आलं नाही. सतरा वर्षांच्या पैलवानाच्या डोक्यात तेवढी जागा नसते.

माझ्यासमोर होता वरच्या आळीचा गोरोसान, म्हणजे गावचा टोफूवाला. तिशीचा, दाराएवढा रुंद, आणि स्वभावानं लोण्याहून मऊ. रोज सकाळी शाळेआधी मी त्याच्याकडून टोफू, म्हणजे सोयाबीनचं पनीर, आणायचो, आणि रोज तो तळलेला एक तुकडा माझ्या हातावर ठेवायचा. त्या तुकड्यावर मी घरून आणलेली कांदालसूण चटणी लावायचो. एकदा त्यानंही ती चाखली होती आणि मग टोफू बुडवून ठेवायच्या हौदातलंच पाणी ओंजळीनं प्याला होता.

बेटावर गुपित ठेवायला जागाच नव्हती. दुसऱ्याच दिवशी गोरोसान म्हणाला, "दाइ-कुन, ऐकलं ते खरं का? तू हरणार नाहीस म्हणे."

"ठरवून नाही हरणार."

"मग सोपं आहे. पहिली मीच जिंकतो. दुसरी सोडायची ती मी सोडेन. तुझा प्रश्न मिटला."

"ते तुम्हाला जमायचं नाही, गोरोसान."

तो इतका हसला की हौदातले टोफू हलायला लागले. मग तळलेले दोन तुकडे दिले.

सराव चालू झाला. सुमोत पाठ टेकायची वाटच बघत नाहीत. तळपायाशिवाय अंगाचा कुठलाही भाग मातीला लागला की खेळ खलास. रिंगणाबाहेर पाय पडला तरी हरलात, बोट लागलं तरी हरलात, गुडघा लागला तरी हरलात. आणि आमचा सगळा खेळ गुडघ्यावर. ओतोसान केरसुणीचा दांडा घेऊन उभे राहायचे, माझा गुडघा वाकला की पोटरीवर फटका. "गुडघा," म्हणायचे. शाळेत निघालो तरी मागून आवाज यायचा, गुडघा. ओकासान जेवताना वाटी पुढे करत म्हणायच्या, गुडघा. मी म्हणायचो, कळलं हो, कळलं.

फडाच्या दिवशी सगळं बेट देवळासमोर लोटलं होतं. मधोमध मातीचा कट्टा, त्याच्या चार कोपऱ्यांना चार खांब, आणि भोवती माणसंच माणसं. प्रत्येकाजवळ मिठाची पिशवी. आपल्याकडे गुलाल उधळतात तसं तिथे मीठ उधळतात, आणि उधळतात म्हणजे काय, मुठीच्या मुठी. खालच्या आळीच्या बायकांनी माझ्या नावाचा घोष लावला होता. त्या घोषात सगळ्यात मोठा आवाज ओकासानचा होता, आणि एरवी ती बाई बाजारात भाव सुद्धा हळू आवाजात विचारायची.

मी कट्ट्यावर चढलो आणि अंगात कागलचं मैदान शिरलं. दोन्ही मांड्यांवर शड्डू ठोकले. लोक आधी दचकले आणि मग त्यांना ते एवढं आवडलं की पुन्हा ठोकायला लावले. मग सवयीनं खाली वाकून चिमूटभर माती घेतली आणि गोरोसानच्या खांद्याला लावली. आमच्याकडे जोडीदाराला माती लावल्याशिवाय हात मिळवत नाहीत. पंच गडबडला. असं काही त्याच्या नियमात नव्हतं. गोरोसान मात्र एक क्षण माझ्याकडे बघत राहिला, मग खाली वाकला आणि त्यानं मूठभर माती माझ्या छातीला नीट चोळली. टोफू हाताळणारा हात तो, चोळतानाही जपून.

पंचानं इशारा दिला.

गोरोसान आला तो भिंत चालत यावी तसा. मी त्याच्या छातीखाली शिरलो, पट काढला, म्हणजे त्याचा पाय पकडला, खांदा त्याच्या पोटात घातला आणि सगळं बळ एकवटून उठलो. तो उचलला गेला. तो दाराएवढा माणूस माझ्या खांद्यावर आडवा होता आणि खाली सगळं गाव आ वासून बघत होतं. एवढ्या भल्या माणसाला आपटायला जीव होईना. मी त्याला गादीवर मूल ठेवावं तसा पाठीवर ठेवला. चारी मुंड्या चीत. मग दोन्ही हात वर करून कट्ट्यावरून एक फेरी मारली.

फेरी निम्मी झाली तेव्हा लक्षात आलं की कुणीच ओरडत नाही.

जिंकलेल्याची बाजू दाखवणारा पंचाचा पंखा वरच्या आळीकडे होता. मी ओतोसानकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते आणि ते फक्त एका बोटानं स्वतःचा गुडघा दाखवत होते. पट काढताना माझा उजवा गुडघा मातीला लागला होता. गोरोसानला उचलायच्या आधीच मी हरलो होतो. डोक्याला सगळे नियम पाठ झाले होते, पण गुडघ्याला कुणी जपानी शिकवलं नव्हतं.

आधी तोंडावर पाणी मारल्यासारखं झालं. मग हळूहळू आतून उकळी फुटायला लागली. अरे, मी हरलो. खरा हरलो, प्रामाणिकपणे, गाढवासारखा. आता दुसरी मला सोडायची नाही. शपथ शाबूत, मोरिवाकींचं नाक शाबूत. मला एवढा आनंद झाला की मी पंचाला वाकून नमस्कार केला, आणि हरल्यावर एवढा खूश होणारा गडी त्या गावानं पहिल्यांदाच बघितला असेल.

हा आनंद दुसऱ्या कुस्तीच्या पहिल्या झटापटीपर्यंत टिकला.

मी गोरोसानच्या पट्ट्याला हात घातला, त्यानं माझ्या. आणि मला कळलं. कुस्ती खेळणाऱ्याला हे कातडीतून कळतं. समोरच्याचं वजन होतं तेवढंच होतं, पण त्याचं मन मागे सरलं होतं. तो पडायची जागा शोधत होता. म्हणजे मला कुस्ती बहाल करणार. शेंबड्या पोराला लाडू द्यावा तशी. माझ्या डोक्यात तिडीक गेली. वस्तादांनी पडू नकोस म्हणून सांगितलं होतं. कुणी आपल्यासाठी पडला तर काय करायचं, हे काही सांगितलं नव्हतं.

गोरोसान मागे झुकला. मी त्याचा पट्टा धरून त्याला पुन्हा सरळ उभा केला.

"खरं खेळा," मी दातांतल्या दातांत म्हणालो.

"खरंच खेळतोय," तो म्हणाला आणि डावीकडे कलला. मी डावीकडून आधार दिला. तो उजवीकडे गेला. मी उजवीकडून रेटलं. कट्ट्याच्या कडेला जाऊन पाय बाहेर टाकणार, तोच मी त्याला ओढून मधोमध आणला. लोकांना आधी काही कळेना. मग कुणीतरी फिसकन हसलं, आणि ते हसू वणव्यासारखं पसरलं. फड बघायला जमलेल्या त्या गावासमोर एक पोरगा जीव तोडून जोडीदाराला पडू देत नव्हता. मीठ नुसतं कोसळत होतं. माझ्या दंडांना पेटके आले होते. माणूस पाडायला लागत नाही एवढी ताकद त्याला उभा ठेवायला लागते, हे मला त्या दिवशी कळलं.

"दाइ!" ओतोसान खालून ओरडले. "सोड त्याला. उद्या टोफू कुठून आणायचा?"

बायका डोळे पुसत होत्या. पंचानं पंखा तोंडावर धरला होता, बहुतेक तोही हसत असावा. गोरोसान माझ्या अंगावर रेलला. घामानं निथळत होता, धापा टाकत होता. त्याचं तोंड माझ्या कानाशी आलं.

"दाइ-कुन, रागावलास?"

"मला भीक नको, गोरोसान."

"भीक कसली?" त्याला खरंच नवल वाटलं. "पहिलीत तुझा नंबर होता पडायचा. तू पडलास. आता माझा आहे. रांगेत मध्ये घुसायचं नसतं, एवढं तर शिकलास ना इथे?"

मला हसू फुटलं. हसताना माझी पकड ढिली झाली, आणि मग मी ती पुन्हा घट्ट केली, पण आता दुसऱ्या कारणासाठी. पडायचं तर या माणसानं साजेसं पडावं. मी एक पाय मागे घेतला, गुडघा सांभाळून, त्याचा हात काखेत दाबला, कंबर वळवली आणि त्याला ढाक मारली, वस्तादांनी शिकवली होती तश्शी. गोरोसान हवेत गेला आणि माझ्या बळात त्यानं आपलं बळ असं मिसळलं की किती मी पाडलं आणि किती तो पडला, हे आम्हा दोघांनाही सांगता आलं नसतं. कट्टा हादरला.

पंचाचा पंखा खालच्या आळीकडे गेला.

तिथली रीत अशी की जिंकलेल्यानं हरलेल्याला हात देऊन उठवायचं. मी हात पुढे केला. गोरोसान पाठीवर पडून आभाळाकडे बघत होता आणि छाती हलवून हलवून हसत होता. वरून मीठ पडत होतं. इतका सुखी माणूस मी तोवर मातीत पडलेला बघितला नव्हता. त्याला उठवायचं माझ्या जिवावर आलं. मी हात मागे घेतला, आणि त्याच्या शेजारी मातीत आडवा झालो. खांदे टेकले, पाठ टेकली, पुरती. कुणी पाडलं नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं. पडल्या पडल्या त्यानं माझा हात हातात घेतला आणि गावानं उरलेल्या पिशव्या आमच्यावर रित्या केल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी धारेच्या वेळी मी डेअरीत फोन लावला. वस्ताद फोनजवळच उभे असणार, कारण हॅलो म्हणायच्या आत म्हणाले, "बोल."

"पहिली हरलो, वस्ताद. गुडघा लागला."

"गुडघ्यानं कोन हारतंय?"

"इथे हरतात."

"बरं. दुसरी?"

"मारली. ढाकेवर."

"पाठ लागली का तुझी?"

खोटं बोललो असतो तर त्यांना कोण सांगायला जाणार होतं? मधे एवढा समुद्र होता.

"लागली, वस्ताद."

"कुणी लावली?"

"मीच लावली. कुस्ती झाल्यावर. तो एकटाच पडला होता, म्हणून शेजारी जाऊन पडलो."

पलीकडे कुणीतरी दूध मापत होतं. कुणीतरी वस्तादांना काहीतरी विचारलं आणि त्यांनी त्याला गप बस म्हणून सांगितलं. मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून उभा होतो. ओकासान भाताचं भांडं घेऊन दारात थांबल्या होत्या. एक शब्द कळत नव्हता, तरी सगळं ऐकत होत्या.

"धैर्या."

"जी, वस्ताद."

"कशी हाय रं तिथली माती?"